काचेच्या धाग्यांचा कारागीर : एड रॉथ

वर्गांत गणित चाललें असतां वहीच्या समासांत मोटारींचीं चित्रें काढीत बसणारा मुलगा प्रत्येक शिक्षकानें पाहिलेला असतो. त्यास बाकावर उभें करावें कीं त्याच्या हातीं कुंचला द्यावा, हा प्रश्न इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरही आम्हांस पुरता सुटलेला नाहीं. अशाच एका मुलाचें चरित्र आज आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों. पालकांनींही तें वाचावें अशी आमची विनंति आहे. कारण असा मुलगा कोणाच्या घरीं जन्मास येईल याचा नेम नसतो.

त्याचें नांव एडवर्ड रॉथ. मोटारींच्या शौकिनांत तो ‘बिग डॅडी’ या टोपणनांवानें प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत बेव्हर्ली हिल्स येथें ४ मार्च १९३२ रोजीं त्याचा जन्म झाला. आईबाप जर्मन वंशाचे होते. एडचें बालपण लॉस एंजल्सजवळील बेल नांवाच्या साध्या गांवीं गेलें. शाळेंत त्याचें लक्ष दोनच विषयांत लागे : एक चित्रकला आणि दुसरा मोटारदुरुस्ती. वहींत विमानें, राक्षस आणि धांवत्या मोटारी यांची गर्दी असे.

पुढें १९५१ सालीं तो अमेरिकेच्या विमानदळांत दाखल झाला आणि १९५५ सालीं सन्मानानें मुक्त झाला. तोंपर्यंत त्याचा संसार मोठा झाला होता. पोटासाठीं त्यानें एका मोठ्या दुकानांत सजावटीच्या खात्यांत नोकरी धरली. दिवसां नोकरी आणि रात्रीं लोकांच्या मोटारींवर बारीक कुंचल्यानें नक्षीच्या रेघा ओढणें, असा त्याचा क्रम होता. जत्रांतून व प्रदर्शनांतून तो रंगाच्या फवाऱ्यानें सदऱ्यांवर अक्राळविक्राळ चित्रें काढून विकी. या सदऱ्यांच्या पैशांतूनच त्याच्या पुढील मोटारी उभ्या राहिल्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याच्या पाठीशीं कोणी सावकार नव्हता.

आतां त्याच्या मुख्य कार्याकडे वळूं. त्या काळीं हौशी मंडळी जुन्या मोटारींचे पत्रे कापून, वांकवून व जोडून त्यांस नवें रूप देत. परंतु पत्रा हा मोठा हट्टी पदार्थ आहे. एका दिशेस तो सहज वळतो. पण भोपळ्यासारखा चहूंकडून गोल करावयाचा झाल्यास ठोकून ठोकून कारागिराचे हात दुखतात आणि पुष्कळ वर्षांचा अनुभव लागतो. रॉथजवळ तो अनुभवही नव्हता आणि यंत्रेंही नव्हतीं. मग त्यानें फायबरग्लासचा आश्रय केला.

फायबरग्लास म्हणजे काय, हें आपणांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. आपल्याकडे मातीची भिंत घालतांना चिखलांत गवताचा भुसा कालवितात. नुसती माती वाळली कीं तडकते; नुसत्या भुशास आकार नसतो; दोहोंची भिंत मात्र टिकते. मूर्तिकार प्लॅस्टरांत काथ्या घालतो तोही याच कारणानें. फायबरग्लासमध्यें भुशाच्या जागीं काचेचे अत्यंत बारीक धागे असतात आणि मातीच्या जागीं एक प्रकारची कृत्रिम राळ असते. राळेंत दुसरें एक द्रव्य योग्य प्रमाणांत मिसळलें कीं ती आपोआप तापते व घट्ट होऊं लागते. तत्पूर्वींच तिनें काचेचें कापड भिजवून साच्यावर चोपडून बसवावें लागतें. धाग्यांमध्यें हवेचा बुडबुडा राहिला तर तेथें कवच दुबळें राहतें. असे थर एकावर एक चढविले म्हणजे वजनास हलकें, गंज न चढणारें व बळकट कवच तयार होतें. १९५३ सालीं अमेरिकेंत ‘कॉर्व्हेट’ ही मोटार अशाच बॉडीची निघाली होती. परंतु ती मोठ्या कारखान्याची निर्मिति होती. रॉथनें तेंच काम आपल्या लहानशा कारखान्यांत स्वतःच्या हातांनीं केलें.

त्याची रीत अशी होती. प्रथम चॅसी, चाकें आणि इंजिन जागच्या जागीं बसवावयाचीं. मग त्या सांगाड्यावर ओल्या प्लॅस्टरचे गोळे थापावयाचे, आणि मूर्तिकाराप्रमाणें तासून, खरवडून, चार पावलें मागें सरून पाहून मनांतील आकार साधावयाचा. आकार साधला कीं त्यावर काचेचें कापड व राळ यांचे थर द्यावयाचे. तें घट्ट झाल्यावर मात्र आंतील सारें प्लॅस्टर फोडून बाहेर काढावयाचें. ज्यावर कित्येक दिवस खर्ची घातले तें अशा रीतीनें कचऱ्यांत जाई आणि उरे तें केवळ कवच. नंतर तें घासून घासून आरशासारखें गुळगुळीत केल्यावांचून रंग चढत नसे. येथें विद्यार्थ्यांस इशारा देणें अवश्य आहे. या घासण्यानें उडणारी काचेची धूळ आणि राळेची वाफ शरीरास अपायकारक असतात. म्हणून नाकातोंडावर योग्य आवरण, हातमोजे व मोकळी हवा यांवांचून या कामास कोणीही हात लावूं नये.

या रीतीनें १९५९ सालीं ‘आउटलॉ’ ही त्याची पहिली प्रसिद्ध मोटार तयार झाली. तिच्यांत कॅडिलॅकचें जुनें इंजिन होतें. १९६१ सालच्या ‘बीटनिक बँडिट’ या मोटारीनें तर प्रेक्षक थक्क झाले. तिचें छप्पर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा एक मोठा बुडबुडा होता. आणि वळविणें, वेग वाढविणें व थांबविणें हीं तिन्ही कामें एकाच दांडीनें होत. १९६३ सालीं त्यानें ‘मिस्टेरियन’ नांवाच्या मोटारींत दोन इंजिनें शेजारीं शेजारीं बसविलीं. कल्पना अचाट होती; पण प्रदर्शनांसाठीं गांवोगांव नेतांना सांगाड्यास तो भार सोसला नाहीं. वरचें रूप कितीही मनोहर असलें तरी आंतला सांगाडा दुबळा असून चालत नाहीं, हा धडा रॉथला पैसे मोजून शिकावा लागला.

याच सुमारास ‘रेव्हेल’ नांवाच्या कंपनीनें त्याच्या मोटारींचीं छोटीं प्रतिरूपें मुलांसाठीं विकावयास आणलीं. ‘रॅट फिंक’ हा त्याचा मिस्किल, बटबटीत डोळ्यांचा उंदीरही घरोघर पोहोंचला. मुलांच्या दृष्टीनें रॉथ म्हणजे एखाद्या राजाहून थोर झाला.

परंतु कीर्तीबरोबर मोहही येतात. पुढें रॉथचें लक्ष मोटारसायकलींकडे वळलें आणि दंगेखोर म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या मोटारसायकलस्वारांत त्याची ऊठबस वाढली. मुलांचीं खेळणीं विकणाऱ्या कंपनीस हें रुचलें नाहीं. तिनें संबंध तोडला. मिळकत आटली. १९७० च्या सुमारास अशी वेळ आली कीं आपल्या बहुतेक गाड्या त्यास एका संग्राहकास अगदीं थोडक्या रकमेंत द्याव्या लागल्या. संगतीचा परिणाम माणसाच्या कामावरही होतो, हें मुलांस निराळें सांगावयास नको.

याच काळांत त्यानें जो एक नवा प्रयोग आरंभिला तो मात्र त्यास शेवटपर्यंत पुरला. तो म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. पुढें मोटारसायकलचें एक चाक व तिचीच मूठ, आणि मागें मोटारीचें इंजिन व दोन चाकें, अशी तिची घडण. अशा गाडीस जुन्या फोक्सवॅगन मोटारीचा मागील भाग फार सोईचा पडतो. कारण तिचें इंजिन व गिअर मागच्या चाकांपाशीं एकत्रच असतात. लांबलचक दांडा घालून शक्ति मागें नेण्याचा खटाटोप उरत नाहीं. इंजिनही हवेनेंच थंड होत असल्यामुळें पाण्याच्या टांकीची कटकट नाहीं. अशा सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी चढविली कीं थोड्या खर्चांत अगदीं आपल्या मनासारखी, दुसऱ्या कोणापाशीं नसलेली गाडी तयार होते. श्रीमंतीवांचूनही माणूस नवनिर्मिति करूं शकतो, हें रॉथनें या तीनचाकींतून दाखवून दिलें.

गाड्या गेल्यावर त्यानें काय केलें ? त्यानें पुन्हा कुंचला हातीं घेतला. ‘नॉट्स बेरी फार्म’ या करमणुकीच्या बागेंत तो पाट्या रंगविण्याच्या नोकरीस लागला. कालपर्यंत ज्याचें नांव खेळण्यांच्या पेट्यांवर छापलें जात होतें तो आज दुसऱ्यांचीं नांवें रंगवूं लागला. पण त्या कामाची त्यास लाज वाटली नाहीं. १९७४ सालीं त्यानें मॉर्मन पंथ स्वीकारला आणि पुढें युटा प्रांतांतील मँटी या लहान गांवीं वस्ती केली. तेथेंही चित्रें व गाड्या हीं सुटलीं नाहींत. ४ एप्रिल २००१ रोजीं मँटी येथें वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं त्याचें देहावसान झालें. त्या वेळींही एका नव्या गाडीचें काम त्याच्या हातीं होतें.

ज्या गाड्या त्यानें मातीमोलानें दिल्या, त्यांतील ‘बीटनिक बँडिट’ पुढें रेनो शहरांतील राष्ट्रीय मोटार संग्रहालयांत मानानें ठेवण्यांत आली. ‘ऑर्बिट्रॉन’ नांवाची दुसरी एक गाडी कित्येक वर्षें बेपत्ता होती. ती मेक्सिको देशांत मोडक्या अवस्थेंत सांपडली आणि जाणकारांनीं ती पूर्ववत् केली.

रॉथचें चरित्र सर्वस्वीं अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या चुका आम्हीं झांकून ठेविल्या नाहींत. पण प्लॅस्टरची ती गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. फायबरग्लासचें काम करणारास आंतील साचा फोडण्याचें धैर्य असावें लागतें. रॉथची कीर्ति, पैसा व गाड्या हीं त्या प्लॅस्टरासारखीं गळून पडलीं; पण हातांतील कसब आणि कामावरील प्रीति यांचें कवच राहिलें, आणि त्याच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला.

पालकहो, आपल्या मुलाचे हात तेलानें काळे झालेले दिसले तर एकदम रागावूं नका. तो काय घडवीत आहे तें आधीं पाहा. आणि मुलांनो, समासांत मोटारी जरूर काढा. परंतु मधल्या पानावरचें गणितही सोडवा. राळेंत दुसरें द्रव्य किती मिसळावें, हें शेवटीं गणितच सांगतें.