सयाजीराव गायकवाड तिसरे

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे (११ मार्च, इ.स. १८६३ - ६ फेब्रुवारी, इ.स. १९३९) हे बडोदा संस्थानाचे अधिपती होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला सार्वजनिक ग्रंथालयांची जोड देणारे राज्यकर्ते म्हणून ते विशेष ओळखले जातात.

बालपण व शिक्षण

त्यांचे मूळ नाव गोपाळराव. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले कवळाणे हे त्यांचे जन्मगाव. वडील काशीराव शेती करीत. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले. बारा वर्षांच्या या मुलाचे शिक्षण जवळजवळ अक्षरओळखीपासून सुरू करावे लागले. एफ.ए.एच. इलियट यांच्या देखरेखीखाली ते मराठी, गुजराती, उर्दू व इंग्लिश शिकले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्याकडे राज्यकारभार आला.

ग्रंथालय चळवळ

इ.स. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. मात्र शाळा सुटल्यानंतर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होतो. ग्रंथालय हा प्रौढांच्या शिक्षणाचा पुढचा टप्पा आहे, ही त्यांची भूमिका या अडचणीतून आकारास आली.

अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे २०,००० पुस्तके दिली. परंतु पुस्तके जमवणे आणि हवे ते पुस्तक सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून स्वतंत्र वर्गीकरण तयार केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला. पुढच्याच वर्षी इंग्लिश, गुजराती व मराठी मजकुराचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक सुरू झाले.

खेड्यांमधील व्यवस्था याहून साधी, पण अधिक परिणामकारक म्हणावी लागेल. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत व तेवढीच सरकार देई. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पंधरा ते तीस पुस्तकांची लाकडी पेटी काही काळासाठी जाई. वाहतुकीचा खर्च संस्थान सोसे. मोतीभाई अमीन यांचे या कामातील श्रम मोठे आहेत. निरक्षर प्रौढांसाठी चित्रे व चलच्चित्रे दाखवणारी शाखाही होती. बॉर्डन १९१३ मध्ये परतले. त्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पुढे चालवले.

संशोधन

मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाने ठिकठिकाणची हस्तलिखिते मिळवली. त्यांतील व इतर दुर्मीळ ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या १९१६ पासून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मध्ये निघू लागल्या. या विभागातूनच १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर ही संस्था उभी राहिली.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीस लागले, परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही व त्यांना मुंबईस परतावे लागले.

सयाजीराव महाराजांचे निधन मुंबई येथे झाले.