श्रीरामपूरचा मोची

कॉन्व्हेंटमध्ये असताना मॉरल सायन्सच्या तासाला विल्यम केरीची गोष्ट ऐकली होती. त्या गोष्टीत एक इंग्लिश मोची बोटीत बसतो, हिंदुस्थानात उतरतो आणि लगेच बायबल छापायला लागतो. मधलं सगळं गाळलेलं होतं, आणि ते आत्ता आत्ता वाचलं. म्हटलं, मॅगझिनसाठी यावरच लिहावं.

केरीचा जन्म 17 ऑगस्ट 1761 चा, इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यातला. वडील आधी विणकर होते, नंतर शाळामास्तर झाले. पोरगा जोडे शिवायला शिकला, पण कातडं शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूही शिकला. ना क्लास, ना नोट्स! कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णनं वाचून त्याला दूरच्या देशांचं वेड लागलं. त्या देशांत जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगायलाच हवा, असं त्याच्या मनाने घेतलं. 1792 मध्ये त्याने यावर एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली.

आता त्या मॉरल सायन्सच्या धड्यात नसलेली बाई. डोरोथी, त्याची बायको. वयाने त्याच्याहून मोठी. लग्नाच्या रजिस्टरमध्ये तिने सहीच्या जागी फुली मारली होती, कारण तिला लिहिता येत नव्हतं. हिंदुस्थानात जायचं म्हटल्यावर तिने चक्क नाही म्हटलं. ती गरोदर होती आणि तिच्या दोन मुली आधीच गेल्या होत्या. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालाही. पण परवान्याच्या भानगडीत त्यांना जहाजावरून उतरावं लागलं. मग पुन्हा घरी येऊन बरीच मनधरणी झाली. शेवटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून ती तयार झाली. जून 1793 मध्ये एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले. तान्हं मूल तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचं होतं.

नोव्हेंबरमध्ये कलकत्ता आलं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. जवळचे पैसे लवकरच संपले. काही दिवस सुंदरबनात काढले. बहीण किटी कंपनीच्या एका माणसाशी लग्न करून तिकडेच राहिली. पुढे माल्दा भागात मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर केरीला नोकरी मिळाली. तिथे 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जात जाईल या भीतीने दफनाच्या कामाला आजूबाजूचं कोणी पुढे येईना. त्यानंतर डोरोथी सावरलीच नाही. तिला भास व्हायचे, नवऱ्यावर संशय घ्यायची, त्याच्या अंगावर धावून जायची. पुढे तिला खोलीत बंद करून ठेवावं लागलं. ती 8 डिसेंबर 1807 ला वारली. तोपर्यंत केरीची बरीच पुस्तकं छापून झाली होती. हे वाचून मी दोन दिवस काही लिहिलंच नाही.

पण काम सोडायचं हे केरीला माहीत नव्हतं. 1800 मध्ये तो श्रीरामपूरला आला (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं!). तिथे डेन्मार्कचं राज्य होतं, त्यामुळे कंपनीचा हात पोचत नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड हे दोघे जोडीदार मिळाले. वॉर्ड तर मुळातच छापखान्यातला माणूस. सात वर्षांत एकही माणूस ख्रिस्ती झाला नव्हता. पहिला झाला तो कृष्ण पाल नावाचा सुतार, डिसेंबर 1800 मध्ये. 1801 मध्ये बंगाली नवा करार छापून बाहेर पडला.

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना खरा इंटरेस्ट पुढे आहे. अक्षरांचे खिळे कोणी केले? पंचानन कर्मकार या लोहाराने. पोलादाच्या पंचवर अक्षर उलटं कोरायचं, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. आपल्या जोडाक्षरांमुळे असे शेकडो तुकडे लागायचे. पंचाननानंतर जावई मनोहरने ते काम चालवलं. धड्यात यांचंही नाव नव्हतं!

केरी 1801 पासून फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवायचा, पुढे संस्कृत आणि मराठीही. पगार बहुतेक मिशनलाच जायचा. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण केलं, ते 1805 मध्ये छापलं. दादोबांच्या व्याकरणाच्या 31 वर्षं आधी! 1810 मध्ये मोडी खिळ्यांत मराठी-इंग्रजी कोशही निघाला. त्याच्या मराठी भाषांतराचं मात्र फारसं जमलं नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी बायबलचं काम पुन्हा नव्याने केलं. इतक्या भाषा एकदम हातात घेतल्यावर दुसरं काय होणार?

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. केरी कलकत्त्यात होता. कागद, खिळे आणि कित्येक हस्तलिखितं गेली. अनेक भाषांचा एक मोठा कोश तो वर्षानुवर्षं तयार करत होता, तोही गेला. सबमिशनच्या आदल्या रात्री हार्ड डिस्क उडाली की आपलं काय होतं ते आठवा, आणि इथे तर बॅकअप हा शब्दच नव्हता. नशिबाने प्रेस आणि साचे वाचले. वितळलेला धातू राखेतून काढून त्याचेच नवे खिळे ओतले गेले, आणि केरी पुन्हा पहिल्या पानापासून बसला.

कागदही तिथेच बनायचा. लगदा कुटायची मिल माणसं पायाने चालवायची. त्यात एक मजूर दगावला, तेव्हा इंग्लंडमधल्या बोल्टनहून 12 हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन मागवलं. ते 1820 मध्ये सुरू झालं. आपल्या पार्किंगमधल्या कित्येक बाइक्सची ताकद याहून जास्त आहे, पण तेव्हा ते आगीचं यंत्र बघायला माणसांची रीघ लागायची. त्या मजुराचं नाव मला कुठे सापडलं नाही.

डिसेंबर 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठी आला तो नेमका रविवारी. केरीने त्या दिवशीचं प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर संपवलं. एक दिवस उशीर म्हणजे कुठेतरी एक चिता, हा त्याचा हिशोब होता. असा हिशोब येणाऱ्या माणसाला 1793 मध्ये बायकोचं नाही ऐकू आलं नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

इंग्लंडला तो परत कधीच गेला नाही. 41 वर्षांनी, 9 जून 1834 ला श्रीरामपूरलाच वारला. त्याला झाडांचा फार नाद होता, म्हणून रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका झाडाच्या जातीला त्याचं नाव दिलं, केरिया. सह्याद्रीत ट्रेकला गेलात तर दिसेल, आपल्याकडे त्याला कुंभा म्हणतात.