रॉबर्ट बन्सेन आणि उकळते झरे

प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बन्सेन ज्योत परिचित असते. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने उकळत्या झऱ्यांतील पाणी कोठून येते, या प्रश्नाचाही छडा लावला होता. त्या ज्योतीपेक्षा हे कार्य खरे तर अधिक मोलाचे होते. पण ते सहसा सांगितले जात नाही.

रॉबर्ट बन्सेन यांचा जन्म १८११ मध्ये गॉटिंगेन येथे झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते. आर्सेनिकच्या संयुगांवर संशोधन करत असताना स्फोट होऊन बन्सेन यांचा उजवा डोळा निकामी झाला. विषबाधेने तर ते मृत्यूच्या दारातूनच परत आले. तरीही धोक्याच्या कामापासून ते दूर राहिले नाहीत. लोखंडाच्या झोतभट्टीतून बाहेर पडणारे वायू गोळा करून मोजण्याच्या पद्धती त्यांनी बसवल्या आणि त्या कौशल्याचा उपयोग पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी झाला.

१८४५ मध्ये आइसलँडमधील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या अधिपत्याखाली होते. डेन्मार्क सरकारच्या साहाय्याने १८४६ मध्ये जी मोहीम तेथे गेली, तीत बन्सेन सहभागी झाले. ज्वालामुखीच्या भेगांतून निघणारे वायू त्यांनी काचेच्या नळ्यांत बंदिस्त केले. झऱ्यांचे पाणीही त्यांनी तपासले. काही झरे अम्लधर्मी, तर काही अल्कधर्मी असल्याचे त्यांना आढळले.

तेथील ‘गायझर’ नावाच्या झऱ्यातून उकळते पाणी मधूनमधून उंच उसळत असे. अशा सर्व झऱ्यांना पुढे हेच नाव पडले. जमिनीखालील एखाद्या पोकळीत वाफ कोंडून पाणी वर फेकले जाते, असे स्कॉटिश प्रवासी जॉर्ज मॅकेन्झी यांचे मत होते. बन्सेन यांनी तर्कावर विसंबण्याऐवजी मोजमाप केले. फ्रेंच सहकारी देक्लुआझो यांच्यासह त्यांनी वीस मीटरहून अधिक खोल असलेल्या त्या नळीत तापमापक सोडले. पाणी केव्हा उसळेल याचा नेम नसतानाही! तळाशी तापमान सुमारे १२७ अंश सेल्सियस भरले. एवढे तापूनही पाणी तेथे उकळत नव्हते, कारण वरच्या पाण्याच्या भाराने उत्कलनबिंदू वाढलेला होता. नळीच्या मध्यावर पाणी सुमारे १२२ अंशांवर होते आणि तेथील उत्कलनबिंदू होता सुमारे १२४. हे पाणी खालच्या वाफेने अवघे दोन मीटर वर उचलले गेले, की त्यावरील दाब घटतो, उत्कलनबिंदू १२१ अंशांपर्यंत उतरतो आणि पाणी एकदम उकळू लागते. त्यामुळे वरचे पाणी बाहेर फेकले जाते, खालचा दाब आणखी कमी होतो आणि पाहता पाहता सारा स्तंभ उसळतो. हे स्पष्टीकरण प्रत्येक गायझरला लागू पडत नाही; परंतु दाब व उत्कलनबिंदू यांचा संबंध आजही अभ्यासाचा पाया आहे.

मूळ प्रश्न मात्र शिल्लकच होता. हे पाणी आणि त्यातील क्षार भूगर्भातील शिलारसातून येतात की काय? बन्सेन यांनी तेथील खडकावर गरम पाण्याची क्रिया घडवून पाहिली. झऱ्याच्या पाण्यातील घटक खडकातूनच विरघळून येऊ शकतात, हे त्यांना दिसून आले. नळीभोवतीचे सिलिकाचे कठीण कवचही अशाच विरघळलेल्या द्रव्याचे बनले होते. पाणी पावसाचे व बर्फाचेच. ते जमिनीत मुरते, तापते, खडकांतील द्रव्ये घेऊन पुन्हा वर येते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. जड हायड्रोजनच्या मोजमापाने आइसलँडपुरता तो विसाव्या शतकात खरा ठरला. इतरत्र काही ज्वालामुखीय क्षेत्रांत शिलारसातील पाण्याचाही थोडा अंश आढळतो.

पाण्याने त्यांना आणखी एक देणगी दिली. १८६० मध्ये किरखॉफ यांच्या सहकार्याने वर्णपटाचा अभ्यास करताना ड्युर्कहाइम येथील खनिज झऱ्याच्या पाण्यात त्यांना दोन अपरिचित निळ्या रेषा दिसल्या. सुमारे ४४ टन पाणी आटवून व शुद्धीकरण करून नव्या मूलद्रव्याचे क्लोराइड हाती लागले, ते जेमतेम सात ग्रॅम! त्या निळाईवरून मूलद्रव्याचे नाव सिझियम ठेवले गेले.

१८८९ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर बन्सेन भूविज्ञानाच्या अभ्यासात रमले. १६ ऑगस्ट १८९९ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.