थिबा राजाच्या राजवाड्यातल्या रंगीत काचा रात्री कुणासाठी उजळायच्या?

नाटे गावातून सागरी महामार्गाने रत्नागिरीला निघालं की आडिवरे, पूर्णगड, पावस करत शेवटी भाट्याचा पूल लागतो. पूल ओलांडून वर टेकडीवर गेलात की थिबा पॅलेस. आत शिरलेला प्रत्येक माणूस एका गोष्टीचा फोटो काढतोच. दारं-खिडक्यांवरच्या अर्धगोल नक्षीदार चौकटी आणि त्यात बसवलेल्या रंगीत इटालियन काचा.

आज नवीन घर बांधताना किंवा फ्लॅट सजवताना आपण रंगीत काच, लाइटच्या माळा, झुंबर यांवर हौसेने खर्च करतो. घर कसं आनंदी दिसलं पाहिजे! पण या काचा ज्या घरात बसवल्या, त्या घराची गोष्ट काही वेगळंच सांगते.

तर ही गोष्ट ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची.

थिबाचा जन्म १८५९ चा. वडील मिंडान राजे. थिबाचं लहानपण बौद्ध मठातल्या अभ्यासात गेलेलं आणि गादीच्या रांगेत तो बराच मागे होता. पण १८७८ साली दरबारातल्या राजकारणाने त्यालाच राजा केलं. राणी सुपायालत हुशार आणि कमालीची कडक. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा डझनावारी नातेवाइकांची हत्या झाली. थिबाच्या नावाला लागलेला हा डाग कधीच पुसला गेला नाही.

मंडालेचा त्याचा राजवाडा सागवानी लाकडाचा आणि सोन्याच्या मुलाम्याचा. त्यातल्या राजाच्या राहत्या महालाचं नावच होतं काचमहाल. काचेचे बारीक तुकडे लाकडावर जडवून दिव्यांच्या उजेडात भिंती चमकवायच्या, ही ब्रह्मी कारागिरांची खासियत. साधारण आपल्या कोजागिरीच्या सुमारास तिथे दिव्यांचा सण असतो, थडिंज्युत. घरोघरी, मठामठांत दिवे लागतात. थोडक्यात, सजावटीच्या उजेडाचं कौतुक या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी सागवानाच्या व्यापाराचं भांडण पुढे करून चढाई केली. जेमतेम दोन आठवड्यांत युद्ध संपलं. राजा-राणीला बोटीत बसवून आधी रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजाचं वय तेव्हा २७.

रत्नागिरीच का? कारण रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्र बंद आणि ब्रह्मदेश शेकडो कोस लांब. राजाला ठेवायला याहून सोयीची जागा इंग्रजांना कुठे मिळणार? सरकारच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नव्हतं.

पहिली २४ वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिलं. सरकारी तनखा पुरायचा नाही. सणवार, दानधर्म, नोकरचाकर चालूच होते, त्यामुळे बरोबर आणलेले हिरे-माणकं एकेक करून विकले जात होते. चार मुली तिथेच मोठ्या झाल्या. त्यांच्या तोलामोलाची स्थळं रत्नागिरीत कुठून मिळणार? थोरल्या राजकन्येचा जीव दारावरच्या मराठी पहारेकऱ्यावर जडला आणि १९०६ साली तिला मुलगी झाली. घराण्याला हा मोठा धक्का होता.

याच आणखी एक गोष्ट बघा. वर ब्रह्मदेशातल्या येनानजाऊंगच्या तेलविहिरींवर मिंडानच्या काळापासून राजाची मक्तेदारी होती. राज्य गेलं आणि १८८६ मध्येच बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली. त्या कंपनीच्या रॉकेलची मोठी गिऱ्हाइकी होती हिंदुस्थानात. म्हणजे राजा इथे कैदेत आणि त्याच्या मुलखातलं तेल हिंदुस्थानातल्या कंदिलांत जळत होतं.

अखेर १९०६ मध्ये सरकारने नव्या राजवाड्याचं काम काढलं. १९१० मध्ये तो पूर्ण झाला आणि राजा तिथे राहायला गेला. उतरती छपरं, बर्मी सागवान, संगमरवरी फरशीचं दालन आणि त्या रंगीत काचा.

आता या काचांची गंमत समजून घेऊ. काच रंगते ती तिच्यात मिसळलेल्या धातूमुळे. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी, लोह किंवा तांब्याने हिरवट. अशी काच स्वतः उजेड देत नाही, पलीकडून येणाऱ्या उजेडातला ठरावीक रंग तेवढा आत सोडते. म्हणून ती नेहमी अंधाऱ्या बाजूने सुंदर दिसते. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली, तेव्हा रंग घरातल्यांना दिसतात. सूर्य कलला की फरशीवर रंगांचे तुकडे पसरतात.

रात्री सगळं उलटं होतं. दिवे आत, काळोख बाहेर. त्याच काचा आतून काळ्या दिसतात आणि बाहेरच्याला मात्र घर सणासारखं उजळलेलं दिसतं. म्हणजे रात्री टेकडीवर कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, काय थाट आहे राजाचा! आतल्यांच्या वाट्याला काळ्या काचा.

राजा या घरात जेमतेम सहा वर्षं जगला. डिसेंबर १९१६ मध्ये ५७ व्या वर्षी त्याचं निधन झालं. मंडाले पुन्हा दिसलंच नाही. १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परतू दिलं, राजाचे अवशेष मात्र रत्नागिरीतच राहिले. थोरली राजकन्या पुढे परत आली आणि गरिबीतच इथे तिचा शेवट झाला. तिच्या मुलीने आयुष्य रत्नागिरीत, मराठी बोलत काढलं.

काचांनी घर आनंदी केलं का? नाही. जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य हिरावलेल्या घराला कुठलाही दिवा पुरा पडत नाही. पण आपल्यासारख्यांना यातून एक साधा प्रश्न मिळतो. आपण लावतोय तो उजेड कुणासाठी?

गॅलरीच्या कठड्यावरची माळ, खिडकीतला आकाशकंदील हे रस्त्यावरच्यांसाठी असतात. ते लावावेतच, सणाला शेजाऱ्याचंही मन प्रसन्न होतं. पण सगळं बजेट त्यावर घालवू नका. घरातल्यांसाठी हवा तो उजेड बसायच्या जागेजवळ, डोळ्यांच्या उंचीखाली, शेड घातलेला आणि पिवळसर. बल्बच्या खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं, तो घ्या. रंगीत काच बसवायचीच असेल तर पश्चिमेला बसवा. कोकणात संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन थेट आत येतं, बाकीचं काम तेच करतं.

आणि विकत घेण्याआधी एकदा रात्री घरात बसून आणि एकदा अंगणात उभं राहून बघा. कुठून जास्त छान दिसतंय ते कळलं, की काय घ्यायचं तेही कळेल.