होमिओपॅथीचे जनक : सॅम्युएल हानेमान

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आजीच्या कपाटात किंवा देवघराशेजारच्या फळीवर, एक लहानशी पेटी असते. तिच्यात बुचे लावलेल्या काचेच्या शिश्या ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येक शिशीत मोहरीहून थोड्या मोठ्या, पांढऱ्याशुभ्र साखरेच्या गोळ्या. सर्दी-पडशापासून परीक्षेच्या धास्तीपर्यंत कोणत्याही तक्रारीवर त्यांतील चार गोळ्या जिभेवर ठेवल्या जातात. आणि त्या मिळाव्यात म्हणून पोटदुखीचे सोंग करणारे महाभागही आपल्यात आहेतच! ज्या जर्मन वैद्याच्या विचारांतून ही पेटी जन्माला आली, त्याचे आयुष्य मात्र या गोळ्यांइतके गोड नव्हते.

सॅम्युएल हानेमान याचा जन्म १० एप्रिल १७५५ रोजी सॅक्सनी प्रांतातील मायसेन या गावी झाला. एल्ब नदीकाठचे हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी साऱ्या युरोपात नावाजलेले. सॅम्युएलचे वडील तेथल्या कारखान्यात भांड्यांवर चित्रे रंगवीत. मुलगा वर्षाचा होतो न होतो तोच सात वर्षांचे युद्ध सुरू झाले आणि त्या घरी दारिद्र्य आले ते कायमचे. मुलाने शिकण्याऐवजी चार पैसे मिळवावेत, असे वडिलांना वाटे. दिव्याचे तेलही जपून वापरावे लागे. परंतु मुलाची बुद्धी पाहून गावातील शिक्षकांनी त्याला फी न घेता शिकविले. बाराव्या वर्षी तो इतर मुलांना ग्रीक भाषेचे पहिले धडे देऊ लागला होता.

१७७५ साली वीस थालेर एवढी पुंजी खिशात घालून तो लाइपझिग विद्यापीठात दाखल झाला. हे पैसे किती दिवस पुरणार? दिवसा व्याख्याने ऐकावीत आणि रात्री इंग्रजी ग्रंथांची जर्मन भाषांतरे करून पोट भरावे, असा क्रम सुरू झाला. लाइपझिगला रोगी पाहून शिकण्याची सोय नव्हती, म्हणून तो व्हिएन्नाला गेला. तेथे पैसे संपले, म्हणून ट्रान्सिल्व्हानियाचा गव्हर्नर ब्रुकेनथाल याच्याकडे ग्रंथपाल झाला. अखेर १७७९ मध्ये एर्लांगेन येथे त्याने वैद्यकाची पदवी घेतली. एर्लांगेनच का? तर तेथील परीक्षेची फी कमी होती.

पुढे त्यांनी व्यवसाय मांडला, १७८२ मध्ये एका औषधविक्रेत्याच्या कन्येशी विवाह केला आणि संसार वाढू लागला. येथून खऱ्या कसोटीला प्रारंभ होतो.

त्या काळचे वैद्यक कसे होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. ताप आला, शीर तोडून रक्त काढा. उतरला नाही, आणखी काढा. जळवा लावाव्यात, जहाल रेच द्यावेत, लाळ गळेपर्यंत पारा खाऊ घालावा, आणि एकेका काढ्यात दहा-वीस द्रव्ये एकत्र कोंबावीत, असा परिपाठ होता. रोग्याने प्राण सोडला तर रोग बलवत्तर होता असे म्हणून वैद्य मोकळा होई. १७९२ मध्ये खुद्द सम्राट दुसरा लिओपोल्ड वारंवार रक्त काढूनही, किंवा काढल्यामुळेच, मरण पावला, तेव्हा त्याच्या वैद्यांना वृत्तपत्रातून उघड जाब विचारण्याचे धाडस हानेमान यांनी केले.

परंतु त्याच्याही पूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच. आपल्या औषधांनी रोगी बरे होण्याऐवजी खंगत आहेत, असे दिसू लागताच त्यांनी वैद्यकी जवळजवळ सोडून दिली. ज्याला दुसरे कोणतेही उत्पन्न नाही आणि ज्याच्या घरी खाणारी तोंडे वर्षागणिक वाढत आहेत, अशा माणसाने हे केले. पुन्हा भाषांतरांचे जू मानेवर आले. सारे कुटुंब एका खोलीत राही; एका कोपऱ्यात पडदा लावून हानेमान रात्ररात्र लिहीत बसत. पाव तराजूत तोलून मुलांना वाटला जाई, असे चरित्रकार सांगतात. या ओढाताणीतही त्यांनी रसायनशास्त्रात मोलाची कामगिरी केली. शिसे मिसळलेली दारू ओळखण्याची त्यांची कसोटी आणि आर्सेनिकच्या विषबाधेवरील १७८६ सालचा त्यांचा ग्रंथ त्या काळी मान्यता पावले होते.

१७९० मध्ये ते स्कॉटलंडचे विख्यात वैद्य विल्यम कलेन यांच्या औषधिग्रंथाचे भाषांतर करीत होते. हिवतापावर सिंकोना झाडाची साल का चालते, याचे कारण कलेन यांनी तिच्या कडू-तुरट रसाने पोटाला मिळणाऱ्या बळकटीत शोधले होते. हानेमान यांना ते पटेना. सिंकोनाहून कडू आणि तुरट पदार्थ पुष्कळ आहेत. मग त्यांनी हिवताप का जात नाही? त्यांनी स्वतः काही दिवस ती साल घेऊन पाहिली. हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली, अंग थरथरले, तहान लागली. साल बंद करताच सारे थांबले. हा तर हिवतापाचाच अनुभव! निरोग्याच्या ठायी जे द्रव्य एखाद्या रोगासारखी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य तो रोग बरा करते, असा सिद्धांत त्यांच्या मनात बसला. काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार. १७९६ मध्ये हुफेलांट यांच्या वैद्यकीय मासिकात त्यांनी तो जाहीर केला आणि १८१० मध्ये ‘ऑर्गॅनन’ या ग्रंथात सविस्तर मांडला.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण आपल्या हैदराबादकरांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन हे द्रव्य १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे काढण्यात आले. १८८० मध्ये लाव्हरां यांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जंतू दिसले. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच सिकंदराबादेत, बेगमपेठेच्या परिसरात, रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात त्या जंतूंची वाढ पाहिली. क्विनीन हिवताप घालविते ते रक्तातील हे जंतू मारून. तसाच दुसरा ताप उत्पन्न करून नव्हे. म्हणजे हानेमान यांचा प्रश्न अगदी रास्त होता, स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची हिंमतही थोर होती. परंतु एका माणसाच्या अनुभवावरून काढलेले उत्तर चुकले. ज्या जंतूंचे कोणाला नावही ठाऊक नव्हते, ते त्यांना कसे दिसावेत?

प्रयोग मात्र त्यांनी सोडले नाहीत. स्वतःवर, मुलांवर आणि पुढे शिष्यांवर एकेक द्रव्य वेगळे तपासून त्यांनी लक्षणांच्या वह्याच्या वह्या भरल्या. विषारी द्रव्यांनी अपाय होऊ नये म्हणून मात्रा कमी करता करता ते विलक्षण टोकाला पोहोचले. औषधाचा एक भाग नव्याण्णव भाग द्रवात मिसळून जोराने हलवावयाचा. त्यातील एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत. असे तीस वेळा. गणितात रुची असलेल्या विद्यार्थ्यांनी एकावर साठ शून्ये लिहून पाहावीत. बारा पायऱ्यांच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते, असे रसायनशास्त्र सांगते. द्रव्य उरले नाही तरी त्याची शक्ती उरते, असे हानेमान मानीत. पुढे या पद्धतीची अनेकदा कसून परीक्षा झाली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने जुने प्रयोग तपासून, कोणत्याही रोगावर ती गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निष्कर्ष दिला.

मग त्यांचे रोगी बरे कसे होत? मला यात फारसे गूढ वाटत नाही. शेजारचा वैद्य वाडगाभर रक्त काढीत असे, आणि हानेमान तासभर बसून रोग्याची हकीकत लिहून घेत, पथ्य सांगत, मोकळ्या हवेत फिरावयास लावीत आणि देत ती जवळजवळ निव्वळ साखर. पुष्कळ आजार आपोआप बरे होतात. त्यांना आड न येणे हाच त्या काळी मोठा उपचार होता. १७९२ मध्ये गोठा येथील ड्यूकने दिलेल्या वाड्यात त्यांनी एका वेडाने पछाडलेल्या गृहस्थास साखळदंडाविना, मारहाणीविना, केवळ ममतेने सांभाळून बरे केले होते. वेड्यांना जनावरांप्रमाणे डांबून ठेवण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घ्यावे.

औषधविक्रेते मात्र खवळले. हा वैद्य स्वतःच औषध तयार करून देतो, तेही एका वेळी एकच आणि कणभर. मग दुकाने चालावीत कशी? हानेमान यांनी गावामागून गाव बदलले. लाइपझिगला त्यांनी १८१२ पासून विद्यापीठात व्याख्याने दिली, शिष्यही मिळाले. तेथे औषध देण्यास मनाई झाली, तेव्हा १८२१ मध्ये क्योथेनच्या ड्यूकने त्यांना आश्रय दिला. अकरा मुलांची ती सोशिक माता, त्यांची पत्नी, १८३० मध्ये निवर्तली.

आता शेवट आला असे वाटावे, तोच १८३४ च्या शरदात मेलानी नावाची फ्रेंच चित्रकर्त्री उपचारासाठी पुरुषी पोशाखात क्योथेनला येऊन उतरली. तीन-चार महिन्यांत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हानेमान यांनी तिच्याशी विवाह केला. मुली रुसल्या, गाव हसले आणि नवदांपत्य पॅरिसला निघून गेले. जन्मभर तोलून पाव खाल्लेल्या त्या माणसाच्या दारी आता उमरावांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. गरिबांना तेथे फुकट उपचार मिळत.

२ जुलै १८४३ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी पॅरिसमध्ये देह ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते ‘ऑर्गॅनन’ची सहावी आवृत्ती दुरुस्त करीत होते. पाचव्या आवृत्तीच्या प्रतीत पाने घालून, बारीक अक्षरांत, स्वतःचेच म्हणणे खोडून ते नवे लिहीत. मेलानीने ती प्रत जपून ठेवली, पण छापावयास दिली नाही; तिच्यामागून कित्येक वर्षे ती तशीच पडून राहिली आणि अखेर १९२१ मध्ये छापून निघाली.