नायगावच्या सावित्रीबाई आणि बाळंतिणीचे मन

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. जन्म ३ जानेवारी १८३१. त्यांची मुलींची शाळा सर्वांना ठाऊक आहे. या सदरात सांगायचे आहे ते त्यांच्या घरातल्या बाळंतिणींबद्दल.

पुण्यात जोतीरावांच्या एका स्नेह्याकडे काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. फसवणुकीतून तिला दिवस गेले. लोकलाजेपायी तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले आणि जन्मठेपेवर अंदमानला गेली. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरीच अशा स्त्रियांची सोय केली. ब्राह्मणवस्तीत जाहिराती लावल्या. गुपचूप येऊन बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, हे जिच्या तिच्या मर्जीवर.

जोतीरावांनी १८८४ मध्ये दिलेला हिशेब सुन्न करणारा आहे. तोवर ३५ जणी बाळंत झाल्या होत्या, मुले जगली अवघी ५. दिवस गेल्याचे लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी उरलेली ३० दगावली, असे त्यांनी नोंदवले. आईच्या पोटातली भीती बाळापर्यंत पोहोचते ती अशीही.

आज कारणे वेगळी आहेत. आमच्या सातारा-सांगलीकडे पहिलटकरीण माहेरी येते. शेक, डिंकाचे लाडू, बाळाचे वजन, सगळे वेळच्या वेळी होते. तिला मात्र झोप नाही, रडू आवरत नाही, बाळ नकोसे वाटते; त्याला घरात ‘नाटके’ म्हणतात! भारतातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे २२ टक्के बाळंतिणींत नैराश्य आढळले आहे. खचलेली आई बाळाशी कमी बोलते, त्याच्या हुंकाराला तिचा प्रतिसाद कमी पडतो. अंगावर पाजणेही कठीण होते. पहिल्या काही दिवसांतला रडवेपणा आपोआप ओसरतो. दोन आठवड्यांनंतरही तो राहिला तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. जीव द्यावासा किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. बाळाच्या बापालाही विचारा, तोही खचतो.

सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले, असे सांगतात. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.