लीक झालेला गुप्त रिपोर्ट बनावट होता, पण तो लिहिणाऱ्या पाद्र्याला देश सोडून पळावं लागलं

1620 सालचा नोव्हेंबर. लंडनमध्ये एक बारकी पुस्तिका हातोहात फिरायला लागली. लेखकाचं नाव नाही. आत काय, तर इंग्लंडमध्ये काम करून परतलेल्या स्पेनच्या राजदूताने आपल्या बड्या सरदारांपुढे मांडलेला गुप्त अहवाल. इंग्लंडच्या राजाला कसं खेळवलं, लग्नाचं गाजर दाखवून कसं गप्प बसवलं, दरबारातली कोणकोणती माणसं पैशाने बांधली, हे सगळं राजदूतसाहेब मिटक्या मारत सांगतायत.

वाचणाऱ्या अनेकांना तो अहवाल खराच वाटला. पण हे सगळं लिहिलं होतं नॉर्विच शहरातल्या एका पाद्र्याने. त्याचं नाव थॉमस स्कॉट.

आता हे एवढं का पेटलं, ते कळायला त्यावेळची परिस्थिती बघावी लागते.

स्पेन तेव्हा जगातली सगळ्यात तगडी कॅथलिक सत्ता. 1580 पासून पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजाकडे गेली होती, म्हणजे आपल्याकडचे गोवा, वसई, चौलसुद्धा त्याच्याच अमलाखाली. इंग्लंड प्रॉटेस्टंट. 1588 मध्ये स्पेनचं अजस्र आरमार इंग्लंडवर चालून आलं होतं, ती आठवण म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात ताजी होती. पण गादीवर असलेला पहिला जेम्स राजा लढाईला तयार नव्हता. त्याला शांतता हवी होती, आणि तिजोरीत खडखडाट असल्यामुळे स्पेनचा भरघोस हुंडाही हवा होता. म्हणून युवराज चार्ल्सचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी लावायचं त्याच्या मनात होतं.

या बोलणीतला मुख्य माणूस म्हणजे स्पेनचा राजदूत, काउंट गोंदोमार. हुशार, विनोदी आणि राजाचा जवळचा दोस्त. जेम्स आणि दिएगो ही मुळात एकाच नावाची दोन रूपं, त्यामुळे दोघांच्या दोस्तीवर दरबारात गमतीही चालायच्या. लंडनच्या सामान्य माणसाला मात्र तो डोळ्यासमोर नको होता. 1618 मध्ये वॉल्टर रॅलेचं डोकं उडवलं गेलं, ते याच्याच दबावामुळे, असं लोक उघड बोलायचे.

त्यात 1620 उजाडलं. जेम्सच्या मुलीचा नवरा म्हणजे जर्मनीतला प्रॉटेस्टंट राजा फ्रेडरिक. त्याच्या मुलखात स्पेनच्या फौजा घुसल्या आणि नोव्हेंबरमध्ये प्रागजवळच्या लढाईत त्याचं बोहेमियाचं राज्यही गेलं. पोटची मुलगी देशोधडीला लागली तरी बाप स्पेनशी सोयरिकीची बोलणी करतोय, हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. पण बोलणार कोण? परराष्ट्र धोरण हा फक्त राजाचा विषय होता.

स्कॉटने इथेच डोकं चालवलं. राजाला थेट शिव्या घातल्या असत्या तर तो राजद्रोह झाला असता. म्हणून त्याने सगळं शत्रूच्याच तोंडून वदवलं. राजा मूर्ख बनतोय हे पाद्री म्हणतच नाही, ते गोंदोमार म्हणतो. पुस्तिकेला नाव दिलं ‘व्हॉक्स पोप्युली’, लॅटिनमध्ये लोकांचा आवाज.

यातली खुबी अशी की मसाला सगळा खोटा नव्हता. इंग्लंडच्या दरबारातल्या काही मंडळींना स्पेनकडून वर्षानुवर्षं पैसे मिळत होते, हे खरंच होतं. लग्नाची बोलणी लांबवून जेम्सला शांत ठेवण्यात स्पेनचा फायदा होता, हेही खरं. स्कॉटने या खऱ्या तुकड्यांना एका कारस्थानाच्या दोऱ्यात ओवलं. त्यामुळे भांडं फुटल्यावरही लोकांना फसवल्यासारखं वाटलं नाही. अहवाल बनावट असेल, पण गोष्ट खरी आहे, असं म्हणत त्यांनी तो पुढे पाठवला. आजच्या फॉरवर्डचंही वेगळं काय असतं?

गोंदोमार प्रचंड भडकला. 24 डिसेंबर 1620 ला राजाने फर्मान काढलं की राज्यकारभाराच्या गोष्टींवर कुणी वाट्टेल ते बोलायचं नाही. झालं उलटंच. छापील प्रती मिळेनात तशा लोकांनी हाताने नकला उतरवायला सुरुवात केली. अशा हस्तलिखित नकला आजही जुन्या संग्रहांमध्ये सापडतात.

1621 च्या सुरुवातीला लेखकाचं नाव सरकारपर्यंत पोहोचलं. पण स्कॉटला आधीच कुणकुण लागली होती. तो समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये पळाला. स्पेनशी दोन पिढ्या झुंजलेला हा देश त्याच्यासाठी योग्यच होता. पुढे तो उट्रेख्ट शहरातल्या इंग्रज फौजेचा धर्मोपदेशक झाला आणि तिथून लिहीतच राहिला. मरेपर्यंत वीसच्या वर पुस्तिका. एकीत त्याने डच लोकांना मुंगीची उपमा दिली आणि इंग्रजांना त्यांच्याकडून कष्ट आणि एकी शिकायला सांगितलं. ‘व्हॉक्स पोप्युली’च्या खोटेपणावर त्याचं उत्तर होतं की नाटकांमधून राजाला चार गोष्टी ऐकवलेल्या चालतात, तर मग पुस्तिकेतून का नाही?

नाटकवाल्यांनी त्याचं उलट कर्ज फेडलं. 1623 मध्ये युवराज चार्ल्स वेष बदलून, खोटं नाव घेऊन नवरी बघायला माद्रिदला गेला आणि काही महिन्यांनी हात हलवत परतला. लंडनमध्ये लोकांनी आनंदाने होळ्या पेटवल्या. 1624 मध्ये स्कॉटने पुस्तिकेचा दुसरा भाग काढला, आणि त्याच ऑगस्टमध्ये थॉमस मिडलटनचं बुद्धिबळावरचं नाटक ग्लोब थिएटरात लागलं. त्यातला काळा घोडा म्हणजे गोंदोमार, आणि त्याच्याबद्दलचा बराच मजकूर स्कॉटकडून उचललेला. सलग नऊ दिवस तुफान गर्दी. मग नव्या स्पॅनिश राजदूताने तक्रार केली आणि खेळ बंद पडला.

पण स्कॉटची एक गोष्ट खटकतेच. त्याच्या लिखाणात प्रत्येक कॅथलिक माणूस स्पेनचा हस्तक ठरतो. इंग्लंडमध्ये गुपचूप आपला धर्म पाळणारी कुटुंबं आधीच दंड भरत होती, संशयाखाली जगत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना माद्रिदच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. स्कॉटच्या पुस्तिकांनी हा संशय अजून घट्ट केला. शिवाय जेम्सला शांतता हवी होती ती त्याच्या स्वतःच्या हिशोबाने. राजाला बोटावर नाचवणारा गोंदोमार हा बराचसा स्कॉटनेच तयार केलेला राक्षस.

त्याला हवं असलेलं युद्ध शेवटी झालं. 1625 मध्ये जेम्स वारला, चार्ल्स गादीवर आला आणि इंग्रज ताफा स्पेनच्या कादिझ बंदरावर चालून गेला. तिथे उपाशी सैनिकांना दारूचे साठे सापडले, ते पिऊन बेभान झाले आणि मोहिमेचा पार बोऱ्या वाजला.

जून 1626. स्कॉट उट्रेख्टमध्ये भाऊ आणि पुतण्यासोबत चर्चकडे होता. तिथेच जॉन लॅम्बर्ट नावाच्या सैनिकाने त्याच्यावर हल्ला करून त्याला मारलं. लॅम्बर्ट स्पेनचा नव्हे, इंग्रजच होता. कॅथलिक पाद्र्यांनी सुपारी दिली असणार, असा सगळ्यांचा संशय. त्याचा अनन्वित छळ झाला, पण त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असंही बोललं गेलं. त्याला मृत्युदंड झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोंदोमारही गेला.

पुस्तिका मात्र उरली. 1659 मध्ये तोच बनावट अहवाल लंडनमध्ये परत छापला गेला. यावेळी त्यावर नाव होतं रॉबर्ट कॉटन या नामांकित इतिहास-संग्राहकाचं, आणि तो विकला गेला गोंदोमारच्या कारवायांची अस्सल हकीकत म्हणून. स्कॉटचं नाव त्यावर नव्हतंच.